खोटं चालेल

कोलार रोड, भोपाळ
११ ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर तुझं अक्षर बघून गौरी घाबरलीच. हल्ली पाकिटातून कोण काय पाठवतं?

पप्पांच्या जुन्या, नगरच्या चर्चच्या मंडळीला शंभर वर्षं होतायत, स्मरणिका निघतेय, आणि तीत पप्पांवर एक पान आहे, हे वाचून बरं वाटलं. फोटो सोबत ठेवलाय. कारखान्याच्या गेटसमोरचा आहे, निवृत्तीच्या दिवशीचा. हार काढून हातात धरलाय त्यांनी. गळ्यात हार घालून फोटो काढायला ते तयारच नव्हते, आठवतं?

पण त्या पानाखाली माझी साक्ष हवी, तीही माझ्या हातची, हे मला जमणार नाही. तू लिहितेस, "चार वर्षं मी ही गोष्ट मंडळीत सांगतेय, आता तुझ्या तोंडून येऊ दे. देव न मानणारा मुलगा बापाच्या शेवटच्या घडीला खाटेशी गुडघे टेकून प्रभूची प्रार्थना म्हणतो, याहून मोठी साक्ष कुठली?" ताई, गुडघे टेकले असं मी कधी म्हटलं होतं? कोविडच्या त्या वॉर्डात दोन खाटांमध्ये गुडघे टेकायला जागाच नव्हती.

असो. बारीक गोष्ट आहे.

मी मंडळी सोडली, गौरीशी कोर्टात लग्न केलं, त्यानंतर अकरा वर्षं तू माझ्याशी बोलली नाहीस. त्या एप्रिलच्या संध्याकाळी मी फोन केला आणि तू "माझा भाऊ परत आला" म्हणून रडलीस. पप्पा गेले त्याच दिवशी तू मिळालीस. ते माझ्यापाशी राहू दे. छापू नकोस.

गुडघे कसे आहेत? सुभाषदाजींना नमस्कार.

तुझा,
पराग

•

३० ऑगस्ट २०२५

प्रिय ताई,

"फोनवर सांगितलंस तेवढंच लिही. एवढं का जड जातंय?" तुझ्या पत्रातली ही ओळ चार दिवस टेबलावर पडून आहे. तेव्हा लिहायला बसलोय.

वीस एप्रिल दोन हजार एकवीस. पप्पांना दवाखान्यात नेऊन सहावा दिवस होता. आत कुणालाच सोडत नव्हते. दुपारी तीनच्या सुमारास सोनलचा फोन आला. सोनल माझी जुनी विद्यार्थिनी. बारावीला माझ्याकडे फिजिक्स शिकली, पुढे नर्स झाली, आणि नेमकी त्याच वॉर्डात ड्यूटीवर होती. म्हणाली, "सर, आजोबा तुमचं नाव घेतायत. लगेच या, मी दहा मिनिटं आत घेते." तिनंच मला तो पांढरा किट चढवला, मनगटावर चिकटपट्ट्या लावल्या. आरशात बघितलं तर मी आणि ती सारखेच दिसत होतो. फक्त उंचीत चार बोटांचा फरक.

आत वीसेक खाटा असतील. प्रत्येक खाटेच्या मागे भिंतीवर पाण्याची एक छोटी बाटली, तिच्यातून ऑक्सिजन बुडबुडत जायचा. बाकी माणसाचा आवाज नाही. वीस बाटल्या एकदम बुडबुडताना कशा वाटतात, ते मी तुला सांगू शकत नाही.

मागच्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. बाहेरच्या खोलीत माशांची काचपेटी होती. तिच्यातला तो आवाज कानावर पडला आणि मी उठलो, स्कूटर काढली, घरी आलो. दात तसाच आहे. वर्गातही होतं. मुलं गणितं सोडवत असतात, सगळं शांत असतं, आणि माझ्या मागून कुणीतरी दोन शब्द बोलतं. वळून बघतो तर फळा. कुठले दोन शब्द, ते विचारू नकोस.

तर मी पप्पांच्या खाटेशी गेलो. पुढचं तुला ठाऊक आहे.

तू लिहिलंयस की प्रार्थना संपल्यावर पप्पा हसले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. हे मी सांगितलं होतं? की सांगता सांगता तुझ्याकडेच ते वाढलं? मला खरंच आठवत नाही.

आज एवढंच.

पराग

•

१४ सप्टेंबर २०२५

ताई,

छपाई थांबव. हे पत्र वाचून होईपर्यंत कुणालाही काही देऊ नकोस. दाजींनाही दाखवू नकोस, निदान आज.

मी प्रार्थना म्हटली नाही.

एकदा लिहून झालं, आता बाकीचं लिहितो.

पप्पांनी मला ओळखलं. त्या किटमध्ये कसं ओळखलं कोण जाणे, बहुधा चालण्यावरून. त्यांनी तोंडावरचा मास्क जरा वर उचलला आणि म्हणाले, "पराग, म्हण."

काय म्हण, ते मला लगेच कळलं. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत दिवेलागणीला चटईवर बसून, आई होती तेव्हा, आपण चौघं रोज म्हणायचो तीच. मी मात्र न कळल्यासारखं केलं. "पाणी हवंय का पप्पा? सोनलला बोलावू?"

"म्हण."

"पप्पा, मी म्हटली तर ते खोटं होईल. तुम्हाला माहीत आहे."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, विषय संपला. मास्क खाली आला, दोन-तीन श्वास गेले, मग पुन्हा वर गेला.

"खोटं चालेल," म्हणाले.

ताई, हे कोण बोलत होतं याचा विचार कर. पस्तीस वर्षं कारखान्यात तपासणीला बसलेला माणूस. केसाएवढा फरक असला तरी ज्यानं माल परत पाठवला, आणि साहेबानं घरी येऊन विनवलं तरी सही केली नाही. मी चौदा वर्षांचा होतो. आपल्या खोलीत रविवारची उपासना चालू होती, दहा-बारा मराठी घरं जमलेली, आणि पप्पा पुढे उभे. सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "तू नुसते ओठ हलवत होतास. मनात नसेल तर तोंडात आणू नकोस. गप्प राहा. देवाला गप्प माणूस चालतो, खोटा चालत नाही." मी ते इतकं मनावर घेतलं की पुढे मनात काही उरलं नाही तेव्हा मंडळीच सोडली. लोकांना वाटतं मी फिजिक्समुळे नास्तिक झालो. मी पप्पांमुळे झालो. त्यांनीच शिकवलेला खरेपणा घेऊन मी त्यांच्या दारातून बाहेर पडलो, आणि मनातल्या मनात मला वाटायचं की आपल्या दोघांत जास्त प्रामाणिक मूल तेच, जे निघून गेलं.

आणि त्या दिवशी तो माणूस मला म्हणतो, खोटं चालेल.

मी म्हटली नाही. अर्धं मिनिट लागलं असतं. पाठ आहे, ताई, अजून शब्द न् शब्द पाठ आहे. मी म्हटलं, "पप्पा, मी इथेच आहे," आणि गप्प उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची नव्हती. आपण चुकीच्या घराचं दार वाजवलं असं वाटल्यावर माणूस बघतो ना, तशी होती. मग सोनल आली, "सर, आता निघा," म्हणाली. मी निघालो.

पावणेसातला ते गेले.

सव्वासातला मी तुला फोन केला. तू विचारलंस, "शेवटी कुणी प्रार्थना केली रे त्यांच्यासाठी? की तसेच गेले?" आणि मी म्हणालो, "मी म्हटली, ताई. पप्पांनी आमेन म्हटलं."

दुपारी मला खोटं बोलता येत नव्हतं. सव्वासातला आलं. त्यांनी मागितलं तेव्हा दिलं नाही, तू नुसतं विचारलंस आणि देऊन टाकलं. चार वर्षं मी हाच हिशेब घेऊन बसलोय आणि तो सुटत नाही.

तू मला पुन्हा तोडलंस तर मी समजेन.

पराग

•

५ ऑक्टोबर २०२५

ताई,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. फोन तू उचलत नाहीस. दाजींनी उचलला, "ती बरी आहे," म्हणाले आणि ठेवला. तेव्हा हे पत्र उत्तराची वाट न बघता लिहितोय. पण एक गोष्ट मला कळलीय, आणि ती तुझ्यापासून लपवली तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गौरीला मी सगळं सांगितलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली, तिलाही ठाऊक नव्हतं. ती नागपूरकडची, मोठी झाली इथेच भोपाळात, तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. तिचे वडील मंत्रालयात होते आणि त्यांनी आयुष्यात देवाला हात जोडले नाहीत, तरी गणपतीत आरतीला सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "अरे, म्हणून टाकायची ना! बाबांनी म्हटलं असतं, आजीसाठी वाटेल ते म्हटलं असतं."

"मला विश्वास नाही, गौरी."

"बाबांना तरी कुठे होता?" मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, "तुझा देव गेला रे, पण त्याचा हेडमास्तर घरातच राहिला."

मला राग आला. कारण खरं होतं. कोलारच्या आमच्या मित्रमंडळात सहा-सात नास्तिक आहेत. महिन्यातून एकदा जमतो, चहा होतो, चेष्टा होते. सगळे हिंदू घरांतले. त्यांचा नास्तिकपणा सुटीच्या दिवसासारखा आहे आणि माझा उपासासारखा. दिवाळीला ते पणत्या लावतात, त्यांना काही टोचत नाही. मी नाताळात घरात तारासुद्धा टांगत नाही. विश्वास ठेवणं न ठेवणं ही एवढी जिवावरची गोष्ट आहे, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही. मला शिकवलं होतं.

गौरीच म्हणाली, "त्या सोनलला भेट. ती तिथे होती."

सोनल आता दुसऱ्या दवाखान्यात आहे. परवा दुपारी तिच्या घरी गेलो. मला बघून तिला आनंद झाला, चहा केला, मुलीला बोलावून "ये मेरे सर हैं" म्हणून ओळख करून दिली. मी त्या दिवसाचा विषय काढला तसा तिचा चेहरा बदलला.

"सर, मी तुम्हाला सांगणारच होती. बहुत बार सोचा. हिंमत नाही झाली."

"काय?"

"तुम्ही निघून गेले ना, त्यानंतर आजोबा खूप बेचैन झाले. सारखं तेच, म्हण, म्हण. मी तिथेच होती, तुमचं बोलणं ऐकलं होतं मी. सर, मी मिशनच्या शाळेत शिकली. असेंबलीत बारा वर्षं रोज म्हणायचो आम्ही ती प्रार्थना, हिंदीत. मला वाटलं, कुणीतरी तर म्हणायला पाहिजे ना. मी त्यांचा हात धरला आणि म्हटली."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"पूर्ण म्हटली, सर. मशीनच्या आवाजात त्यांना कितना सुनाई दिया, माहीत नाही. शेवटी त्यांनी आमेन म्हटलं. मग डोळे उघडून विचारलं, 'पराग?'"

"मग?"

"मी किटमध्ये होती ना सर. चेहरा कुठे दिसत होता." ती रडायला लागली होती. "मी मान हलवली. हो म्हणून. बरोबर केलं की चूक, मला आजपर्यंत नाही समजलं. तुमची जागा घेतली मी."

तिला मी काय सांगितलं ते नीट आठवत नाही. बरोबर केलंस, असंच काहीतरी. ती पूजाअर्चा करणारी साधी मुलगी. जे मला वीस वर्षांचं वाचन खर्ची घालूनही जमलं नाही, ते तिनं खाटेवरची चादर सारखी करावी तसं केलं.

हे तुला कळवावं की नाही, यात कालचा पूर्ण दिवस गेला. कारण हे ऐकलं की माझा अपराध हलका होतो. पप्पांच्या लेखी मी परत आलो होतो. मी तुला जी थाप मारली ती त्यांच्यापुरती घडली होती, फक्त तीत मी नव्हतो. पण ताई, मला हलकं वाटत नाही. आता शांत वर्गात मागून येणारे शब्द बदललेत. आता नुसतं "पराग?" ऐकू येतं, प्रश्नासारखं, आणि कुणीतरी माझ्याऐवजी हो म्हणतं.

पराग

•

१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं. पाचही पानं दोनदा वाचली.

तू सुरुवातीला जे लिहिलंयस त्यावर माझं काही म्हणणं नाही. "चार वर्षं मी तुझ्या नावानं लोकांना रडवलं, आणि तू मला रडवू दिलंस." हो. दिलं.

पण पुढचं वाचताना मला खुर्चीवरून उठावं लागलं. तू रविवारी मंडळीपुढे उभी राहिलीस. दाजी नको म्हणत होते, पाळकसाहेब म्हणाले स्मरणिकेतून गाळलं की झालं, बोलायची गरज नाही. तरी तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "माझ्या भावाबद्दल मी जे सांगत आले ते खरं नव्हतं. त्यानं प्रार्थना केली नाही. तो आजही विश्वास ठेवत नाही. एका परक्या मुलीनं ती म्हटली." आणि पुढे बोलवेना म्हणून खाली बसलीस. कुणी गाणं सुरू केलं नाही.

आणि मग त्या सुमनकाकू उठल्या, मी त्यांना कधी पाहिलं नाही. सत्तरीच्या, नवरा त्याच वर्षी कोविडनं गेलेला. तू त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिलेस म्हणून बरं झालं: "मी सगळ्यांना सांगत आले की मला आत सोडलं नाही. सोडत होते. दाराशी शिपाई म्हणाला, बाई जाऊन या. मला भीती वाटली. मी रिक्षात बसून घरी आले." त्यांच्यानंतर आणखी दोघं उठले. उपासना तशीच संपली, आशीर्वादाविना, आणि लोक बराच वेळ अंगणात उभे होते, असं तू लिहितेस. या मंडळीत आजपर्यंत इतक्या साक्षी झाल्या, पण हे कुणी बोललं नव्हतं, असंही.

मला त्यात देव दिसत नाही, ताई. तुला दिसतो. त्यावरून आपण पुन्हा भांडू, पण आता नको.

तू मला क्षमा केलीयस की नाही ते लिहिलं नाहीस. विचारतही नाही. तू शेवटच्या पानावर लिहितेस, "चार वर्षं माझ्याकडे पप्पांचं खोटं मरण होतं. ते गेलं. आता माझ्याकडे काहीच नाही. प्रार्थनेचं राहू दे. तू तिथे होतास, मी नव्हते. ते कसे दिसत होते ते मला सांग. सगळं सांग. काही गोड करू नकोस."

सांगतो.

दाढी वाढली होती, सहा दिवसांची, पूर्ण पांढरी. मास्कच्या पट्ट्यांनी गालावर लाल वळ पडले होते. चष्मा नव्हता. तो कुणीतरी उशीखाली ठेवला होता आणि त्याची एक काडी बाहेर दिसत होती. अंगात दवाखान्याचा फिकट हिरवा अंगरखा, पाठीमागे नाड्या असतात तसला. एक नाडी सुटलेली. उजव्या हातावर सुई टोचलेली, आसपास काळंनिळं. मास्क डाव्या हातानं उचलत होते. नखं वाढली होती. पप्पांची नखं वाढलेली मी जन्मात बघितली नव्हती. ओठ कोरडे, फुटलेले. आवाज मात्र त्यांचाच होता, बारीक झालेला, पण त्यांचाच. वेदना होत होत्या का, असं तू विचारतेस. श्वासाला त्रास होत होता. वेदनेनं कण्हताना मी ऐकलं नाही. भीती होती का? थोडी होती, ताई. गोड करू नकोस म्हणालीस म्हणून लिहितो.

आणखी एक. हे मी विसरून गेलो होतो. तू "सगळं" लिहिलंस म्हणून खाटेच्या डोक्यापासून एकेक आठवत खाली आलो, तेव्हा पायांशी सापडलं. आधी वाटलं, आपल्याला हवंय म्हणून तर आठवत नाही ना. दोन दिवस तपासून बघितलं. नाही, घडलं होतं.

सोनल "निघा" म्हणाली तेव्हा मी लगेच निघालो नाही. चादर वर सरकली होती आणि त्यांचे पाय उघडे पडले होते. मी खाटेच्या टोकाशी गेलो आणि चादर खाली ओढण्याआधी ते दोन्ही पाय हातांत धरले. हातमोज्यांतूनही गार लागले. मी चोळत राहिलो. किती वेळ, ते आठवत नाही. सोनलनं दोनदा हाक मारली, एवढं आठवतं. पाय काही गरम झाले नाहीत. मग मी चादर ओढली, कडा गादीखाली नीट खोचल्या आणि बाहेर आलो.

तुझा,
पराग